सायकलचा जीपीएस कॉम्प्युटर: कुठला घ्यावा आणि त्याच्या आकड्यांवर किती विसंबावं?

सह्यवेडी
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, गंगापूर रोडला राहते. सायकल हायब्रिड आहे, टायर ७००×३२. आतापर्यंत फोनवर स्ट्राव्हा (राइड नोंदवायचं अ‍ॅप) लावून भागवलं, पण या हिवाळ्यात २००ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, इथे २०० किलोमीटरची) करायची आहे आणि अंगात जोर उरला तर ३००ची. तेवढा वेळ फोन टिकत नाही आणि वाटेत घरी फोन करायलाही बॅटरी लागतेच. बजेट दहा ते पंधरा हजार.

परवा आम्ही तिघं वणीला गेलो होतो, नांदुरीहून घाट चढून गडावर. निघालो एकत्र, परतलो एकत्र. अंतराचे आकडे मात्र तीन वेगळे, दोन-तीन किलोमीटरचा फरक. चढाईत तर दोनशे मीटरहून जास्त तफावत. ज्याचं यंत्र सगळ्यात महाग, तो म्हणाला माझंच बरोबर. का, तर महाग आहे म्हणून. मला हे पटलं नाही. यंत्र विश्वासाचं आहे की नाही हे ओळखायचं कसं? आणि बजेटमध्ये काय घ्यावं?

अंबड_दुसरी_पाळी
ताई, जुना फोन हँडलला लावा, पॉवर बँक पिशवीत टाका, पंधरा हजार वाचवा आणि त्यात चांगले टायर घ्या.

द्राक्षबाग
@अंबड, पावसाळ्यात त्र्यंबकला जाऊन बघा त्या फोनसोबत. थेंब पडले की स्क्रीन स्वतःच बटणं दाबते, राइड कधी थांबली ते कळत नाही. दुपारच्या उन्हात फोन तापून स्क्रीन मंद होते ते वेगळंच. शिवाय हँडलच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते. मोटरसायकलींबाबत अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये तशी सूचना काढली होती. सायकलला इंजिनाचं कंपन नसतं, पण आपले रस्ते ती कसर भरून काढतात.

गोदाकाठ
सह्यवेडी, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत, अंतराचा आणि उंचीचा. दोन्ही मोजण्याची रीत वेगळी, चुकण्याची रीतही वेगळी. आधी अंतर.

नुसत्या जीपीएसवर चालणारं यंत्र ठरावीक वेळाने एक बिंदू टिपतं आणि बिंदू जोडून अंतर काढतं. प्रत्येक बिंदू खऱ्या जागेपासून दोन-चार मीटर इकडेतिकडे असतो. दिंडोरी रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर हे खपून जातं. घाटात मात्र दोन उलट गोष्टी होतात. चढताना वेग सात-आठचा, त्यामुळे बिंदूंची उडी आणि प्रत्यक्ष सरकणं यांत फार फरक राहत नाही, रेषा नागमोडी होते आणि अंतर फुगतं. उतरताना वेग चाळीसचा. यंत्र बॅटरी वाचवायला पाच-सात सेकंदांनी एक बिंदू घेत असेल, तर दोन बिंदूंमध्ये साठ-सत्तर मीटर जातात, वळणाचे कोपरे कापले जातात आणि अंतर घटतं. तुमच्या तिघांच्या सेटिंगा वेगळ्या असतील, तर तीन आकडे यायलाच हवेत. म्हणून सेटिंगमध्ये 'दर सेकंदाला नोंद' हा पर्याय असेल तर तोच ठेवा.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे चाकाला स्पीड सेन्सर. तो फेऱ्या मोजतो, बाकी सगळा गुणाकार. पण गुणाकारातला परीघ बरोबर हवा. तक्त्यात ७००×२३ टायरचा परीघ २०९६ मिमी आणि ७००×३२चा २१५५ मिमी असतो. तुमच्या ३२च्या टायरला यंत्रात २०९६ पडून राहिलं असेल, तर खरे २०० किलोमीटर चालवल्यावर ते १९४.५ दाखवेल. बीआरएममध्ये क्यूशीटवरचं (कितव्या किलोमीटरला कुठे वळायचं त्या यादीवरचं) वळण साडेपाच किलोमीटरने चुकलेलं दिसलं की रात्री माणूस घाबरतो.

तक्त्यावरही फार जाऊ नका. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसा (वजनाने टायर दबतो, परीघ कमी होतो), कुणाला तरी धरायला सांगून चाकाचे पाच फेरे सरळ पुढे जा. अंतर टेपने मोजा, पाचने भागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटांचं काम आहे.

एक लक्षात ठेवा. स्ट्राव्हावर अंतर दुरुस्त करायचं बटण दाबलं, तर ते सेन्सरचं अंतर टाकून जीपीएसच्या बिंदूंवरून पुन्हा मोजतं. सेन्सर असेल तर त्या बटणाला हात लावू नका.

चाकोरी
काका, माहिती चांगली आहे, पण एवढं मोजून करायचं काय? बीआरएमला कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदीच्या कार्डावर) शिक्का बसला का आणि वेळेत आलात का, हे बघतात. २००ला १३ तास ३० मिनिटं, ३००ला २० तास, ४००ला २७, ६००ला ४०. यंत्रात २०४ आले म्हणून बक्षीस नाही, १९८ आले म्हणून कुणी बाद करत नाही. आपल्याच गावच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका', पूर्ण केली. ती शर्यतसुद्धा रूट बुक आणि टाइम स्टेशनच्या जोरावर चालते.

मला विचाराल तर २००-३०० करणाऱ्याने पहिला आकडा बघायचा तो बॅटरीचा. गार्मिनच्या एज १३० प्लसची कंपनीनेच सांगितलेली बॅटरी १२ तास, आणि २००ची मुदत साडेतेरा तास. म्हणजे मुदतीच्या काठावर पोचणाऱ्या माणसाचं यंत्र त्याच्याआधी झोपणार. यंत्र चांगलं आहे, पण छोट्या राइडचं आहे. एज ५३० ला २० तास सांगतात, ब्रायटनच्या रायडर ४२० ला ३५, आयजीपीस्पोर्टच्या बीएससी १००एस ला ४०. हे सगळे कंपनीचे आकडे, बहुतेक कमीत कमी कामं चालू ठेवून काढलेले. नेव्हिगेशन, रात्रीचा स्क्रीनचा उजेड, फोनशी जोडणी आणि दोन-तीन सेन्सर धरले, तर मी कंपनीने सांगितलेल्या तासांचे दोन तृतीयांशच धरतो. ३००साठी त्यामुळे कागदावर तीस तास हवेत.

सह्यवेडी
@गोदाकाठ, धन्यवाद. पार्किंगचा प्रयोग आजच करते. पण चढाईतला दोनशे मीटरचा फरक? तिथे तर तिघांच्याही यंत्रांत हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर होता.

गोदाकाठ
दाबाचा सेन्सर आहे म्हणूनच थोडं समजून घ्यायला हवं. जीपीएसने काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, कारण उपग्रह सगळे आपल्या वरच्या बाजूला, खालून कुणी नाही. म्हणून बऱ्या यंत्रांत बॅरोमीटर असतो. आपल्या नाशिकच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की यंत्र साधारण नऊ मीटर वर चढल्याचं धरतं.

गंमत अशी की आपण जागचे हललो नाही तरी दाब बदलतो. उष्ण कटिबंधात रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब सगळ्यात जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास घसरतो, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळी दहाला दारातून निघून चारला परत आलात, तर यंत्राच्या मते तुमचं घर पंचवीस-तीस मीटर उंच झालेलं असतं. वादळी ढग आले तर आणखी. काही यंत्रं मधूनमधून जीपीएसशी ताडून हे दुरुस्त करतात, काही करत नाहीत.

पण दोनशेचा फरक यातून येत नाही. तो येतो बेरजेतून. रस्ता खालीवर होत असतो, सेन्सरचा आकडाही थरथरत असतो. किती मीटर चढ झाला की 'चढ' म्हणून जमा करायचा हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. एकाने एक मीटर धरला, दुसऱ्याने तीन, तर दिंडोरी ते वणीच्या लहानसहान चढउतारांवर दिवसभरात शंभर-दोनशेचा फरक सहज पडतो. त्यामुळे एकूण चढाईचे आकडे दोन यंत्रांत लावून बघण्यात अर्थ नाही. एकाच घाटाचा पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक लावून बघा, तो बहुतेक जुळलेला दिसेल.

सुरुवातीची उंची बरोबर लावायची असेल, तर रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नाशिक रोडला फलाट तिकीट काढा, पाटीजवळ उभे राहा, यंत्रात तो आकडा भरा. मग घरी येऊन दारातली उंची साठवून ठेवा, बऱ्याच यंत्रांत ती सोय आहे. पुढच्या वेळी निघताना यंत्र स्वतःच तिथून सुरुवात करतं.

चाकोरी
फलाट तिकीट काढून सायकलचा कॉम्प्युटर लावणारा माणूस. काका, तुम्हाला साष्टांग.

पेठ_फाटा
एक शंका. ड्युअल बँडवाली यंत्रं घ्यावीत का? आणि आपलं नाविक (जीपीएससारखी भारताची उपग्रह यंत्रणा) कुठल्या यंत्रात चालतं का?

द्राक्षबाग
ड्युअल बँड घ्याच. एकदा खर्च करायचा तर नवीन तंत्र घ्यावं.

गोदाकाठ
@द्राक्षबाग, असहमत. जुनी यंत्रं उपग्रहांचा एल१ हा एकच पट्टा ऐकतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. ड्युअल बँडवाली त्यासोबत एल५ ऐकतात, ११७६.४५ मेगाहर्ट्झचा. भिंतीवर, कड्यावर आपटून आलेला संदेश आणि थेट आलेला संदेश यांतला फरक एल५ ला चांगला कळतो. उंच इमारतींच्या शहरात त्याचा खरा उपयोग. आपल्याकडे तशा जागा किती? महामार्गावरच्या उड्डाणपुलाखालून द्वारकेकडे जाताना, पहिनेच्या कड्याखाली, कसाऱ्यात थोडं. बाकी त्र्यंबक, गिरणारे, पेठ, सिन्नर सगळं मोकळं आभाळ. तिथे एका पट्ट्याचं यंत्र अनेक उपग्रहमंडळं ऐकत असेल तर पुरतं. आणि उड्डाणपुलाखाली ड्युअल बँडपेक्षा चाकाचा सेन्सर स्वस्तात जास्त काम करतो.

नाविकचं म्हणाल तर इस्रोचे जुने उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यावर बोलत होते. एल१ ची भर पडली ती २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून. सायकलच्या यंत्रांच्या यादीत नाविकचं नाव क्वचितच दिसतं. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू ही चार बघा. यादीत क्यूझेडएसएस असलं तरी ते जपानसाठी, आपल्या हिशेबात धरू नका.

डॉ_पंक्चर
इतका वेळ सगळे आकड्यांच्या अचूकतेवर बोलताहेत. माझ्या मते विश्वासाचं यंत्र म्हणजे राइड संपल्यावर ज्यात राइड असते ते. अंतर दोन टक्के चुकलं तर चालतं. एकशे ऐंशी किलोमीटरला यंत्र बंद पडून पुन्हा चालू झालं आणि आधीचं सगळं पुसलं गेलं, तर त्या अचूकतेचं लोणचं घालायचं का?

म्हणून दुकानात आणि परीक्षणांत हे विचारा: चालू राइडमध्ये बॅटरी संपली तर फाइल जपली जाते का? पुन्हा चालू केल्यावर तीच राइड पुढे चालू ठेवता येते का? चार्जिंग करताना नोंद चालू राहते का? (काही यंत्रांत केबल लावली की ते कॉम्प्युटरला जोडल्यासारखं समजून राइड थांबवतं.) फाइल यूएसबीने सरळ काढता येते का?

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांना फालतू वाटतो. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या सर्व्हरवर खंडणीचा सायबर हल्ला झाला आणि त्यांची सेवा काही दिवस बंद होती. राइड मात्र प्रत्येकाच्या यंत्रातच होती. ज्यांना केबल लावून फिट फाइल (राइडच्या नोंदीची फाइल) काढता येत होती त्यांनी ती थेट स्ट्राव्हावर चढवली. जे यंत्र फक्त स्वतःच्या अ‍ॅपशीच बोलतं, त्याच्या मालकाला अशा वेळी हात चोळत बसावं लागतं. कंपनी लहान असेल आणि उद्या अ‍ॅपच बंद केलं तर? स्वस्त यंत्र घेताना मला किमतीपेक्षा ही भीती जास्त वाटते.

पावसाबद्दल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. पाऊस त्यात येतो, पण सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाचा फवारा येत नाही. सायकल धुवायला देताना यंत्र काढून घ्या. यूएसबीचं रबरी झाकण रोज उघडझाप करून सैल होतं, तेच आधी दगा देतं. ओल्या पोर्टला चार्जर लावू नका. बॅरोमीटरच्या बारीक छिद्रात पाणी अडकलं की अंजनेरीच्या पावसात चढाईची रेषा सपाट होते आणि वाळल्यावर एकदम उडी मारते. ते यंत्र बिघडल्याचं लक्षण नाही, फुंकर मारून ओली माती काढली की ठीक होतं. टोकदार काडी मात्र घालू नका. आणि पावसात चालवणार असाल तर टचस्क्रीनपेक्षा बटणंवालं घ्या.

द्राक्षबाग
+१. आणि राइडच्या आदल्या रात्री फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करू नका. कुणीही कितीही सांगितलं तरी.

सह्यवेडी
आता डोकं थोडं ताळ्यावर आलं. नेव्हिगेशनबद्दल सांगा. पंधरा हजारांत नकाशावालं येतं का?

चाकोरी
नकाशा दाखवणं आणि रस्ता शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त यंत्रांत बहुतेक वेळा कोऱ्या पडद्यावर एक रेषा येते, तुम्ही रेषेवर आहात की नाही एवढंच कळतं. त्याच्या वरच्यांत नकाशा दिसतो, पण तुम्ही चुकलात तर नवा रस्ता शोधायला फोन लागतो. स्वतः नवा रस्ता शोधणारी यंत्रं बहुतेक तुमच्या बजेटच्या वर जातात. २००च्या बीआरएमला रेषा पुरेशी आहे. तसेही मार्ग आधीच अपलोड करता येतात.

हरसूल-वाघेराकडे, जव्हार-मोखाड्याकडे नकाशावर विसंबून आडवाटा धरू नका. बहुतेक यंत्रांचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेले असतात. तिथे रस्ता काढलेला असतो, पावसाळ्यानंतर तो उरलाय का हे यंत्राला माहीत नसतं. गावातल्या टपरीवर विचारा.

गोदाकाठ
घेतल्यावर परत करायच्या मुदतीत एवढं करून बघा. गच्चीवर मोकळ्यात यंत्र ठेवा, ऑटो पॉझ (थांबलं की नोंद आपोआप थांबवणारी सोय) बंद करा, राइड चालू करा आणि चहा पिऊन या. अर्ध्या-पाऊण तासात बसल्या जागी किती किलोमीटर 'चालवले' ते दिसेल. थोडंसं ठीक, किलोमीटरच्या वर गेलं तर परत द्या. मग सोमेश्वर ते गिरणारे असा नेहमीचा फेरा वेगवेगळ्या दिवशी करा. दरवेळी तेवढंच चुकणारं यंत्र चालेल, कधी कमी कधी जास्त चुकणारं नको. या चाचण्या आधी सेन्सर न लावता करा, नाहीतर जीपीएसची परीक्षाच होणार नाही.

आणखी एक. निघायच्या आधी यंत्र मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं स्वस्थ ठेवा. उपग्रहाकडून त्याच्या जागेची ताजी माहिती उतरायला तीस सेकंद लागतात, तीही अखंड मिळाली तर. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग आकाशातूनच घ्यायचं तर साडेबारा मिनिटं. फोनशी आधी सिंक केलं की ही माहिती तयार मिळते. पार्किंगमधून बटण दाबून तसंच सुटलात तर पहिला किलोमीटर शेजारच्या बंगल्यांतून गेलेला दिसतो.

पेठ_फाटा
@सह्यवेडी, बजेट ताणायचं नसेल तर बीएससी १००एस आणि उरलेल्या पैशांत स्पीड सेन्सर. नेव्हिगेशन नाही, पण तास भरपूर. रेषेवाला मार्ग हवाच असेल तर रायडर ४२० बघा. रडार पुढेमागे घ्यायचं असेल, तर यंत्राला अँट प्लस (सेन्सरशी बिनतारी जोडणी) आहे का ते आधी बघून घ्या. आग्रा रोडवर ट्रकच्या रांगेत मागून काय येतंय हे कळणं चढाईच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

सह्यवेडी
रायडर ४२० कडे मन झुकतंय. ओळखीतून एक जुनं, बरंच वरच्या श्रेणीचं यंत्र निम्म्या किमतीत मिळतंय, सात-आठ वर्षांपूर्वीचं. तो मोह सोडू का?

डॉ_पंक्चर
घेण्याआधी चालू करून आकाशाखाली तारीख बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १०२४ झाले की शून्यावर येतो. तसं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्यांचं फर्मवेअर त्याआधी थांबलं, त्यांतली काही यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात, आणि मग स्ट्राव्हावर तुमची राइड तुम्ही शाळेत असतानाची निघते. तारीख बरोबर असली तरी बॅटरी जुनी. पूर्ण चार्ज करून नेव्हिगेशनसकट संपेपर्यंत चालवू देत असतील तरच बोलणी करा. पावतीवर भारतातला अधिकृत विक्रेता आहे का तेही बघा, बाहेरून आणलेल्या यंत्राला इथे वॉरंटी मिळेलच असं धरू नका.

सह्यवेडी
विकणारा म्हणतो चालवून बघायला देणार नाही. मग राहू दे. शनिवारी दुकानात ४२० हातात घेऊन बघते. कुणी वापरत असेल तर रात्री पडदा वाचता येतो का सांगा.

चाकोरी
काळापांढरा पडदा आहे. उन्हात उत्तम दिसतो, रात्री उजेड लावावा लागतो, आकडे मोठे ठेवा. एका पानावर चारच खाने ठेवलेत तर घाटातही वाचता येतात.

अंबड_दुसरी_पाळी
बरं, घेताय तर घ्या, पण माउंटसोबत दोरी येते ती बांधा. लोक पिशवीतच ठेवून देतात. घोटीच्या पुढच्या खड्ड्यांत यंत्र उडालं तर मागचा ट्रक थांबत नाही.